'कुंकू' (१९३७) : शांता आपटे, आणि 'काही घडतच नाही' म्हणून बंद केलेला सिनेमा

मंगळवार_पेठ

आमच्या कॉलेजच्या जुन्या ग्रुपवर परवा एकानं लिहिलं, "कुंकू लावला, वीस मिनिटांत बंद केला. काही घडतच नाही." मी उत्तर लिहायला घेतलं आणि ते इतकं लांबलं की ग्रुपवर टाकण्याजोगं राहिलं नाही. म्हणून धागा.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. नीरा ही आईबापाविना मामाकडे वाढलेली मुलगी. मामा पैशासाठी तिला काकासाहेब नावाच्या म्हाताऱ्या, विधुर वकिलाच्या गळ्यात बांधतो. नवरा कोण आहे हे तिला कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. घरात तिच्याच वयाची सावत्र मुलं. नीरा त्या घरात राहते, पण हे लग्न मानत नाही आणि काकासाहेबांना जवळ येऊ देत नाही. बस्स, एवढंच. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून घेतलेली कथा, दिग्दर्शन व्ही. शांताराम, निर्मिती प्रभात फिल्म कंपनीची. हिंदीत तोच 'दुनिया न माने'. लांबी अडीच तासांच्या वर.

आता अडीच तास एक बाई फक्त 'नाही' म्हणते, हे कुणी कागदावर वाचलं तर म्हणेल यात बघायचं काय? बघायच्या आहेत शांता आपटे. तेव्हा त्यांचं वय २१ च्या आसपास. त्या काळच्या पडद्यावर फसवली गेलेली बाई म्हटलं की रडणार, देवाला आळवणार, शेवटी सोसूनच जिंकणार. नीरा चिडते. आणि ही चीड शेवटपर्यंत टिकवणं हे फार अवघड काम आहे. सतत एकाच पट्टीत चिडली की प्रेक्षक कंटाळतो, मध्येच निवली की खोटी वाटते. आपटेंनी माणसागणिक चीड बदललीय. घरातल्या वडीलधाऱ्या बाईशी बोलताना ती टोचून बोलते, मामाच्या बाबतीत नुसती घृणा, आणि काकासाहेबांसमोर बऱ्याचदा काहीच नाही. नुसती ताठ उभी. घरातल्या छोट्या मुलीबरोबर मात्र खळखळून हसते. ते हसणं पाहिल्यावर कळतं की हिचं मूळचं स्वरूप काय होतं आणि मामानं किती पैशांत काय विकलं.

दुसरी गोष्ट म्हणजे आवाज. या सिनेमाला पार्श्वसंगीत नाही. ठरवून नाही. केशवराव भोळे संगीतकार, गाणी शांताराम आठवल्यांची, पण प्रसंगांच्या मागे व्हायोलिनं नाहीत. घरातले, रस्त्यावरचे आवाज तेवढे. त्यामुळे नीरा गप्प उभी असते तेव्हा खरोखर गप्प असते. आता रडा, आता घाबरा असं सांगायला कुणी येत नाही. मग आपण तिच्या चेहऱ्याकडे बघतो, कारण दुसरं काही हाताला लागतच नाही. वीस मिनिटांत बंद करणाऱ्यांचं इथंच फसतं.

एकच प्रसंग सांगते. काकासाहेबांचा मोठा मुलगा पंडित, म्हणजे राजा नेने. उडाणटप्पू. हा सावत्र आईशी लगट करायला जातो, आणि ती त्याला छडीनं बडवून काढते. हा प्रसंग सगळ्यांना आठवतो तो मारामुळे. मला त्यातला पेच जास्त भारी वाटतो. बायको म्हणून या घरातला कुठलाच हक्क ती घेत नाही, पण त्याला मारताना आईचा अधिकार वापरते. नको असलेल्या लग्नानं फुकटात दिलेलं एकच हत्यार, ते ती बरोबर वेळेला उचलते. आणि हे आपटेंच्या अंगात दिसतं. हात थरथरत नाही, आवाज किंचाळीत जात नाही. शिक्षा करणाऱ्या माणसाचा जो एक कंटाळलेला ठामपणा असतो ना, तो.

बोला आता.

---

नादखुळा_०९

ताई, धागा झक्कास. पण कोल्हापूर विभागात काढलाय आणि पिक्चर पुण्यात झालाय की ओ! 😄

---

खरी_कॉर्नर

@नादखुळा, भावा, असं बोलू नको, पेठेत फिरायचंय तुला. प्रभात १ जून १९२९ ला कोल्हापुरात निघाली. दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर हे सगळे बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत घडलेले. पहिला मराठी बोलपट 'अयोध्येचा राजा' १९३२ साली इथंच झाला. १९३३ ला मंडळी पुण्याला गेली. म्हणजे भांडी पुण्यात लागली तरी हात कोल्हापूरचाच. कधी खरी कॉर्नरवरून जाताना तो कॅमेऱ्याचा स्तंभ दिसतो का? तो काय शोभेला उभा केलेला नाही.

पार्श्वसंगीताचा मुद्दा एकदम बरोबर. त्यात एक भर घालतो. त्या वेळी गाणाऱ्या नटीला घेतलं की तिच्याकडून भरपूर गाऊन घ्यायचं हा हिशेब असायचा. शांता आपटे तर रीतसर शास्त्रीय शिकलेल्या. त्यांचा गळा हाताशी असताना भोळे आणि शांताराम त्यांना एवढा वेळ गप्प ठेवतात, याला धाडस लागतं. गल्ल्याच्या दृष्टीनं तर वेडेपणाच.

---

दीडपट_वेग

तो ग्रुपवाला मी नव्हे, पण मत तेच. अभिनय चांगला आहे, मान्य. पण म्हणून संथपणाला गुण म्हणायचं? घड्याळ दाखवतात, परत घड्याळ दाखवतात. कळलं की हो, म्हातारा म्हणजे जुनं घड्याळ. एकदा दाखवलं असतं तरी कळलं असतं. मी दीडपट वेगानं बघितला आणि गोष्टीतलं काही सुटलं नाही. आजच्या संकलकाकडे दिला तर चाळीस मिनिटं आरामात निघतील.

---

मंगळवार_पेठ

घड्याळाबद्दल भांडणार नाही. शांतारामबापूंना प्रतीक सापडलं की ते सोडवत नसे, पुढं रंगीत सिनेमे आले तेव्हा तर विचारूच नका.

पण दीडपट वेगावर भांडणार. गोष्ट सुटली नाही हे बरोबरच, कारण गोष्ट पोस्टकार्डावर मावते. तुम्ही जे कापलंत ते नीराच्या दोन वाक्यांमधलं अंतर. काकासाहेब काहीतरी समजुतीचं बोलतात, ती लगेच उत्तर देत नाही. त्या थांबण्यात ती ठरवत असते की या माणसाला उत्तर द्यायच्या लायकीचा समजायचं का. दीडपट वेगात ती फक्त उद्धट दिसते.

---

शाहूपुरी_तिसरी_गल्ली

माझा मुद्दा वेगळा. आणि तो मंगळवार_पेठ यांना आवडणार नाही.

हा सिनेमा केशवराव दात्यांचा आहे.

विचार करा. नीराची भूमिका लिहितानाच प्रेक्षक तिच्या बाजूचा. तिच्यावर अन्याय झालाय हे पहिल्या रिळातच कळतं. काकासाहेबांचं उलटं. म्हातारपणी पोरीशी लग्न करणारा माणूस, त्याच्याबद्दल कुणाला काय वाटणार? संगीत 'शारदा', म्हणजे म्हाताऱ्याशी पोरीचं लग्न ठरवण्यावरचं नाटक, १८९९ पासून रंगभूमीवर. जरठाला हसायचं असतं हे मराठी प्रेक्षकाला तोपर्यंत तोंडपाठ झालेलं. आणि दाते त्याला हसण्यावारी जाऊ देत नाहीत. ते काकासाहेबांना दुष्ट करत नाहीत, विदूषकही करत नाहीत. शिकलेला, समाजात मान असलेला वकील, ज्याला आपण काय केलंय हे हळूहळू कळत जातं. आरशात बघतानाचा त्यांचा चेहरा बघा. आधी मिरवणं, मग शंका, मग स्वतःचीच लाज.

दाते तेव्हा ४८ वर्षांचे होते. महाराष्ट्र नाटक मंडळीत मुरलेला माणूस. 'अमृतमंथन'च्या मराठी आवृत्तीतला राजगुरू त्यांनीच केलेला, म्हणजे पल्लेदार, भरदार बोलणं येत होतंच. इथं त्यांनी ते सगळं गुंडाळून ठेवलं. तुम्ही म्हणता तो संथपणा खरं तर त्यांच्यासाठी आहे. माणूस स्वतःला फसवायचं थांबवतो, याला वेळ लागतो. नीरा पहिल्यापासून शेवटपर्यंत बरोबरच आहे. जिथं बदल होतो तो लीड.

---

मंगळवार_पेठ

आवडला की मुद्दा. न आवडायला काय झालं?

तरी सहमत नाही. दाते बदलतात ते कुणामुळे? समोर भिंत असल्याशिवाय धडक बसत नाही. काकासाहेबांना शंका येते ती नीराच्या नजरेत. आपटेंनी ती नजर एकदा जरी मऊ केली असती तर दात्यांचा पुढचा सगळा प्रवास ढासळला असता. कीव येण्याची संधी त्यांना कितीदा तरी होती. २१ वर्षांची नटी, समोर एवढा मुरलेला नट, आणि ती त्याला एक इंच देत नाही.

आणि नीरा बदलत नाही असंही नाही. सुरुवातीला ती फक्त स्वतःसाठी भांडते. काकासाहेबांची मुलगी घरी आल्यावर तिला पहिल्यांदा कुणीतरी बरोबरीचं भेटतं, तिथून तिचं बोलणं बदलतं, अंगातला ताठरपणा कमी होतो.

---

खरी_कॉर्नर

ती मुलगी म्हणजे शकुंतला परांजपे! रँग्लर परांजप्यांची लेक, स्वतः केंब्रिजला गणित शिकून आलेल्या, पुढं कुटुंबनियोजनाच्या कामात आयुष्य घातलं. सई परांजप्यांच्या आई. त्या विधवा समाजसेविकेचं काम करतात तेव्हा अभिनय फार करावा लागत नाही. जरा भाषण दिल्यासारखं बोलतात, पण चालून जातं.

---

नीट_सांगा

बाळबोध प्रश्न. नीरा एवढी खमकी आहे, तर घर सोडून का जात नाही? घटस्फोट घ्यायचा ना. मला तिथंच सिनेमा पटेनासा झाला.

---

कोर्टाच्या_पायऱ्या

@नीट_सांगा, प्रश्न चांगला आहे. उत्तर जरा लांब.

१९३७ साली मुंबई इलाख्यातल्या हिंदू बाईला कायद्यानं घटस्फोट नव्हता. मुंबई प्रांतात तो कायदा १९४७ ला आला, देशभर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानं. बडोदा संस्थानात १९३१ पासून होता, पण नीरा काही गायकवाडांच्या राज्यात नाही. १९२९ चा बालविवाहाविरुद्धचा शारदा कायदा म्हणाल, तर तो मुलीचं वय १४ च्या खाली असेल तर. नीरा त्याहून मोठी. नवरा किती म्हातारा असावा यावर कायद्याचं काही म्हणणंच नव्हतं.

उलट काकासाहेबांच्या हातात कायदा होता. रखमाबाईंचा खटला आठवा. नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम मुंबईच्या कोर्टानं १८८७ साली दिला होता. आणि काकासाहेब तर स्वतः वकील. ते कोर्टाचं हत्यार उचलत नाहीत, ही या माणसाबद्दलची मोठी गोष्ट आहे. शाहूपुरीवाल्यांच्या मुद्द्याला माझ्याकडून एवढी रसद.

आता गंमत बघा. विधवेचा पुनर्विवाह १८५६ पासून कायदेशीर. आपल्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ ला त्यासाठी वेगळा कायदा केला होता. म्हणजे नवरा मेला तर बाईला दुसरं लग्न करता येतं, तो जिवंत असेल तर सुटका नाही. पुढं शेवटाचं बोलतोय, ज्यांनी पाहिला नाही त्यांनी इथं थांबा.

काकासाहेब शेवटी जीव देतात आणि नीरानं योग्य माणसाशी लग्न करावं असं लिहून ठेवतात. लोक याला मेलोड्रामा म्हणतात. वकिलाच्या डोक्यानं बघा. तिला मोकळं करायची त्या काळात एकच कायदेशीर वाट होती, आणि ती त्या वकिलाला पक्की माहीत होती.

---

शाहूपुरी_तिसरी_गल्ली

हे कधी डोक्यात आलंच नव्हतं. आज रात्री परत बघतो.

---

दीडपट_वेग

कायदा कळला, धन्यवाद. तरी माझी कुरकुर राहतेच. अडीच तास जी बाई लढते, तिची सुटका शेवटी कोण करतं? नवराच. तोच फसवणार, तोच पश्चात्ताप करणार, तोच उदार होणार. नीराच्या हातात काय उरलं?

---

मंगळवार_पेठ

ही कुरकुर मला मान्य आहे, आणि अख्ख्या धाग्यात तुमचं हेच सगळ्यात बरोबर वाक्य आहे. शेवटच्या भागात कॅमेरा दात्यांकडे जातो, आपटेंना करण्यासारखं कमी उरतं. तिथं सिनेमा तिच्या हातून काढून घेतलाय. त्या तेवढ्यातही जे जमेल ते करतात, पण पटकथा आता तिच्या मालकीची नाही हे जाणवतं.

बाकी पडद्याबाहेर त्या कुणाच्या उदारपणाची वाट बघणाऱ्यांतल्या नव्हत्या. १९३९ साली कंपनीशी वाद झाला तेव्हा प्रभातच्या फाटकात उपोषणाला बसल्या होत्या. नीराला जमलं नाही ते नटीनं केलं.

---

उत्तरेश्वरची_नात

मी फारशी लिहीत नाही इथं, वाचते. पण हा धागा वाचून आज्जीला सिनेमा दाखवला. आज्जी बिजवराला दिलेली. आजोबा तिच्यापेक्षा बरेच मोठे, पहिलीची पोरं आज्जीच्या पदरात. आजोबा माणूस वाईट नव्हता असं ती नेहमी म्हणते. त्यापुढं कधी काही बोललेली नाही.

मला वाटलं होतं, झोपेल मध्येच. टक लावून बघत होती. संथ वगैरे काही वाटलं नाही तिला. उलट एकदा मीच मोबाइल बघत होते तर म्हणाली, "बघ की. तिचं त्वांड बघ." पंडितला मारलं तेव्हा "आणि हाण" म्हणाली.

नीरा काकासाहेबांना जवळ येऊ देत नाही ते सगळं चाललेलं असताना ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तिला येगळं निजायला खोली तरी हुती. वकिलाचं घर. आमच्यात एक सोपा नि एक माजघर, त्यात अकरा मान्सं. न्हाई म्हणायला बी जागा लागती बाई."

मग म्हणाली, च्या टाक.

---

नादखुळा_०९

🙏 आज्जींना नमस्कार सांगा.

---

कोर्टाच्या_पायऱ्या

मी एवढं कायद्याचं पुराण लावलं, आणि आज्जींनी खोलीचा मुद्दा काढला. तो कुठल्याच कलमात नाही.

---

खरी_कॉर्नर

आज्जींच्या बोलण्यावरून एक सुचलं. काकासाहेबांचं घर नीट बघा परत. जिना, दारं, खोल्या. फत्तेलाल नेपथ्यातला देवमाणूस. त्या घरात कोण कुठल्या खोलीत आहे, कुणाला कुणाचं ऐकू जातंय, हे आपल्याला सतत कळत राहतं. त्याशिवाय नीराचा नकार दाखवताच आला नसता. संथपणाचं एक कारण हेही असेल. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत माणूस चालत जातो तो पूर्ण दाखवलाय. हल्लीचे सिनेमे दार उघडलं की कापतात.

---

दीडपट_वेग

बरं बाबा. मूळ वेगात बघतो. रविवारी. पण घड्याळ आलं की चहा करायला उठणार.

---

मंगळवार_पेठ

उठा खुशाल. फक्त इंग्रजी गाण्याच्या वेळी जाग्यावर असा. त्याबद्दल अजून कुणी लिहिलंच नाही! नीरा चक्क लाँगफेलोची 'अ साम ऑफ लाइफ' म्हणते, स्वतःच्या गळ्यानं. त्यातलं कडवं आहे ते मुक्या, हाकलत नेलेल्या जनावरांसारखं होऊ नका म्हणणारं. १९३७ च्या मराठी सिनेमात, कुंकू लावलेली, नऊवारीच्या काळातली मुलगी इंग्रजी कविता गातेय. कानाला जरा विचित्र लागतं, मराठी वळणाचे उच्चार, पण त्या गाताना अजिबात संकोचत नाहीत. आपटेंचं गाताना हात, मान, डोळे सगळं चालू असतं. त्या काळचे बाकीचे गाणारे कॅमेऱ्यासमोर खांब होऊन उभे राहायचे, त्यांच्याशी ताडून बघा.

---

शाहूपुरी_तिसरी_गल्ली

पाहिला परत. दात्यांबद्दलचं मत बदललेलं नाही. पण एक गोष्ट आधी दिसली नव्हती. काकासाहेब खचत जातात तसा नीराचा आवाज खाली येतो. दया म्हणून नाही. आता ओरडायची गरज उरलेली नसते. हे ठरवून केलंय की आपोआप झालंय, माहीत नाही, पण झालंय खरं. तर लीड कोण, यावर बरोबरी मान्य.

---

राजारामपुरी_मंडळ

उशिरा आले धाग्यावर. आमच्या महिला मंडळात दर महिन्याला एक जुना सिनेमा असतो, प्रोजेक्टर आहे. 'कुंकू' दाखवायचं ठरतंय. अडीच तास म्हणजे मध्यंतर लागणार. कुठं थांबवावा?

---

मंगळवार_पेठ

पंडितला छडी बसल्यावर. बायका चहा घेताना आपोआप बोलत्या होतील.

---

उत्तरेश्वरची_नात

आज्जी म्हणतेय थांबवूच नका, चहा आधी द्या. आणि तिला यायचंय. रिक्षा मंडळाच्या दारापर्यंत येते का? जिना किती आहे?

---

राजारामपुरी_मंडळ

तळमजला आहे, रिक्षा दारात येते. पुढच्या रांगेत खुर्ची ठेवते आज्जींना.